एकदाच लिहा, खरे लिहा



शनिवार-रविवार आला की मुंबई-पुण्याची माणसे कर्जत, नेरळ, खोपोलीकडे निघतात. कुणाला फार्महाऊस हवे असते, कुणाला तीस माणसांची बिर्याणी हवी असते, कुणाची गाडी बोरघाटाच्या पायथ्याशी बंद पडलेली असते आणि गॅरेज हवे असते. ही माणसे आपल्याला ओळखत नाहीत. आपल्या वडिलांचे नाव, आपला मोहल्ला, दुकानाची जुनी पत, यातले काही त्यांना ठाऊक नसते. त्यांच्या हातात मोबाईल असतो आणि मोबाईलवर आपण कधीतरी लिहून ठेवलेला एक नंबर, एक पत्ता आणि दुकानाची वेळ. सीएसएमटीपासून कर्जत स्टेशन रेल्वेने शंभर किलोमीटर आहे. त्या दोन-तीन ओळींवर भरवसा ठेवून माणूस मुलाबाळांसह एवढा प्रवास करतो.

आता आपल्या भागातल्या पुष्कळ घरांनी व्यवसायासाठी छोटी वेबसाइट करून घेतली आहे. कुणाच्या भाच्याने केली, कुणी स्वतः मोबाईलवर केली. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. साइट बिल्डर नावाची तयार सोय असते. त्यात चित्रे, मजकूर, बटणे आपापल्या जागी ठेवत गेले की साइट उभी राहते. साइट उभी करणे सोपे झाले आहे. ती खरी ठेवणे मात्र तितके सोपे नाही, आणि या महिन्यात त्याबद्दलच बोलू.

एक नंबर, आठ जागा

समजा खोपोलीत एक आपा घरून जेवणाच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्या साइटवर फोन नंबर किती ठिकाणी असेल? पानाच्या वरच्या पट्टीत एक. ‘कॉल करा’ या बटणामागे दुसरा. व्हॉट्सॲपच्या हिरव्या चिन्हामागे तिसरा. ‘आमच्याविषयी’ पानावर चौथा, ‘संपर्क’ पानावर पाचवा. सगळ्यात खाली, ज्याला फुटर म्हणतात, तिथे सहावा. मेनूच्या चित्रावर सातवा आणि दावतीच्या जाहिरातीच्या चित्रावर आठवा. आपांनी नंबर बदलला की आठ जागा बदलायला हव्यात. माणूस दोन-तीन बदलतो, बाकीच्या राहून जातात. ज्या राहिल्या त्या आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण आपलीच साइट गिऱ्हाईक म्हणून कधी पाहत नाही.

यावर उपाय साइट बिल्डरमध्येच दिलेला असतो आणि बहुतेकांनी तो उघडूनही पाहिलेला नसतो. शाळेतल्या माणसाला तो लगेच कळेल. शाळेत जनरल रजिस्टर असते. मुलाचे नाव, जन्मतारीख, आईचे नाव त्यात एकदा लिहिले जाते. पुढे बोनाफाइड असो की शाळा सोडल्याचा दाखला, प्रत्येक कागद त्या रजिस्टरवरून तयार होतो. रजिस्टर बरोबर असेल तर सगळे कागद बरोबर. रजिस्टर बाजूला ठेवून कुणी आठवणीने दाखला लिहिला, तर ‘शेख’च्या इंग्रजी स्पेलिंगपासून गडबड सुरू होते आणि पासपोर्टच्या वेळी तिची किंमत घरच्यांना मोजावी लागते.

साइट बिल्डरमध्येही असे एक रजिस्टर असते. विक्समध्ये त्याला ‘बिझनेस इन्फो’ म्हणतात, स्क्वेअरस्पेसमध्ये ‘बिझनेस इन्फर्मेशन’. व्यवसायाचे नाव, पत्ता, फोन, ईमेल, कामाच्या वेळा अशी माहिती तिथे एकदा भरायची. डूडासारख्या बिल्डरमध्ये पुढची पायरी आहे. पानावरचा मजकूर, बटण किंवा नकाशा यांपैकी एखादा घटक निवडायचा, ‘कनेक्ट’चा पर्याय घ्यायचा आणि रजिस्टरमधली कोणती नोंद इथे दिसावी ते सांगायचे. मग त्या जागी अंक टाईप केलेले नसतात, ते रजिस्टरमधून आलेले असतात. उद्या नोंद बदलली की जोडलेल्या सगळ्या जागा आपोआप बदलतात. साइट पुन्हा ‘पब्लिश’ केली का, एवढे पाहायचे.

किती घटक असे जोडता येतात हे प्रत्येक बिल्डरमध्ये सारखे नसते. वर्डप्रेसवर साइट असेल तर ‘सिंक्ड पॅटर्न’ वापरता येतो. संपर्काचा एक तुकडा तयार करून ठेवायचा आणि जिथे हवा तिथे तोच टाकायचा. एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. जीमेलच्या खात्यावर फुकट मिळणाऱ्या गूगल साइट्समध्ये असे रजिस्टर नाही, पण फुटर सगळ्या पानांना एकच असतो. म्हणून तिथे नंबर, पत्ता आणि वेळ फक्त फुटरमध्ये लिहावी आणि बाकी पानांवर ‘संपर्क खाली दिला आहे’ एवढेच म्हणावे. साधन कोणतेही असो, माहिती एका जागी लिहायची आणि बाकीच्या जागांनी ती तिथून घ्यायची.

जोड कुठे तुटते

जोडले म्हणजे काम संपले असे नाही. चार ठिकाणी हमखास चूक होते.

पहिली, जोडलेल्या मजकुरावर जाऊन हाताने टाईप करणे. घाईत कुणीतरी पानावरच नंबर दुरुस्त करतो. त्या क्षणी त्या जागेची जोड तुटू शकते आणि पुढचा बदल तिथे पोचत नाही. बदल करायचा तो रजिस्टरमध्येच, पानावर नाही, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. बटणावर दिसणारा नंबर आणि बटण दाबल्यावर लागणारा नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिसतो नवा आणि लागतो जुना, असे सहज होते. डोळ्यांनी तपासून हे कळत नाही, बटण दाबूनच कळते. फोनच्या लिंकमध्ये ‘टेल’ आणि कोलन, मग प्लस ९१ आणि पुढे नंबर असतो. कर्जतचा लँडलाइन असेल तर ०२१४८ मधले सुरुवातीचे शून्य गाळायचे. खोपोलीच्या ०२१९२ चेही तसेच. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये ‘डब्ल्यूए डॉट एमई’, तिरकी रेघ, ९१ आणि लगेच दहा अंक. तिथे प्लस नको, शून्य नको, मधे मोकळी जागाही नको.

तिसरी चूक चित्रांची. मेनूकार्ड, ईदची जाहिरात, लोगोखालचा नंबर, हे सगळे चित्रात गोठलेले असते. कोणताही बिल्डर चित्रातले अंक बदलत नाही. चित्रात पदार्थ आणि व्यवसायाचे नाव असू द्या. नंबर, वेळ आणि भाव चित्राच्या खाली मजकुरात ठेवा.

चौथी चूक म्हणजे साइट बदलली की सगळे जग बदलले असे समजणे. गूगलच्या नकाशावर दिसणारी आपली नोंद, म्हणजे बिझनेस प्रोफाइल, हे वेगळे रजिस्टर आहे. व्हॉट्सॲप बिझनेस वेगळे, इन्स्टाग्राम वेगळे. ही कुठे कुठे आहेत त्याची यादी वहीच्या एका पानावर असावी.

कोणते कर्जत?

पत्त्याची गोष्ट आपल्या तालुक्याला खास लागू आहे. महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. एक आपले, रायगडमधले, पिनकोड ४१०२०१. दुसरे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, पिनकोड ४१४४०२. साइटवरचा नकाशा रजिस्टरमधल्या पत्त्याला जोडलेला असतो. तिथे फक्त ‘कर्जत, महाराष्ट्र’ लिहिले तर नकाशाची खूण कोणत्या कर्जतला पडेल याची खात्री नाही. जिल्हा आणि पिनकोड लिहायचाच. खालापूर ४१०२०२, खोपोली ४१०२०३, नेरळ ४१०१०१ हे पिनही नीट तपासून घाला. फार्महाऊस गावाबाहेर असेल तर नकाशावर बोटाने अचूक खूण करून तीच जोडा. ‘टोलनाक्यापासून पुढे डावीकडे’ ही खूण गावच्या माणसाला पुरते, रात्री नऊला पोचणाऱ्या कुटुंबाला पुरत नाही.

नावेही बदलत असतात. आपलाच जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये झाले. पत्ता ज्याने एका जागी लिहिला त्याचे काम पाच मिनिटांचे. ज्याने वीस जागी लिहिला त्याच्या साइटवर दोन्ही नावे वर्षानुवर्षे नांदतात.

व्यवसायाच्या नावाचेही असेच. गुमास्त्यावर एक नाव, उद्यम नोंदणीवर दुसरे, बँकेत तिसरे. शेख, सय्यद, काझी यांची इंग्रजी स्पेलिंगे तर घरातल्या घरात तीन प्रकारची. गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करतो तेव्हा त्याच्या स्क्रीनवर खातेदाराचे नाव येते. साइटवर केटरिंगचे नाव आणि स्क्रीनवर कुणा अनोळखी व्यक्तीचे, असे झाले की तो थबकतो, आणि आजच्या दिवसांत त्याचे थबकणे योग्यच आहे. रजिस्टरमध्ये एक ओळ वाढवा: ‘पैसे भरताना हे नाव दिसेल.’ खाण्याचे पदार्थ विकत असाल तर अन्न परवान्याचा १४ अंकी नंबरही तिथेच ठेवा.

वेळ, जुमा आणि रमजान

कामाच्या वेळा ही साइटवरची सगळ्यात लवकर शिळी होणारी माहिती आहे. आपल्याकडे तर जास्तच. शुक्रवारी जुम्याच्या नमाजसाठी दुकान बंद असते. रमजानमध्ये दिवसाचे वेळापत्रकच उलटते आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. म्हणून मागच्या वर्षी लिहिलेल्या वेळा या वर्षी जशाच्या तशा चालत नाहीत. जुम्याची सुट्टी नेहमीच्या वेळापत्रकातच दोन भागांत लिहा: सकाळची वेळ आणि नमाजनंतरची वेळ. रमजान आणि ईदसाठी गूगल प्रोफाइलमध्ये ‘विशेष वेळ’ लिहिण्याची वेगळी सोय आहे, ती वापरा. ईदची तारीख चंद्रदर्शनावर ठरते. तेव्हा चांद दिसला की त्या रात्री कुणी वेळ बदलायची हे घरात आधी ठरलेले असावे.

काही माहिती मात्र आपली नसते, ती आपल्या रजिस्टरमध्ये भरूच नये. नेरळ-माथेरानची छोटी गाडी घ्या. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या जिद्दीने ती उभी राहिली आणि १९०७ मध्ये धावू लागली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो आणि वर अमन लॉज ते माथेरान शटल चालू असते. धबधब्यांवर जायला पावसाळ्यात प्रशासनाची बंदी येते, ती कधी लागेल आणि कधी उठेल हे आपल्या हातात नसते. होमस्टेच्या साइटवर गाडीच्या वेळा हाताने लिहून ठेवल्या तर त्या चुकणारच. अशा ठिकाणी ‘रेल्वेकडे खात्री करून निघा’ असे लिहावे आणि रेल्वेच्या साइटची लिंक द्यावी. दुसऱ्याची माहिती त्याच्याच दारातून घेऊ द्यावी.

जुना नंबर कुणाच्या हातात जातो

नंबर बदलून जुना साइटवर राहिला तर फार तर एखादी ऑर्डर जाईल, असे वाटते. खरी गोष्ट जास्त गंभीर आहे. बंद केलेला मोबाईल नंबर कायमचा बंद राहत नाही. किमान ९० दिवस तो दुसऱ्या कुणाला दिला जात नाही, असे २०२३ मध्ये ट्रायने सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. म्हणजे त्यानंतर तो नंबर एखाद्या अनोळखी माणसाचा होऊ शकतो. तो माणूस भला असेल तर बिचारा आपल्या गिऱ्हाइकांच्या फोनने हैराण होतो. घरातल्या बाईकडे तो नंबर गेला असेल तर तिला अनोळखी पुरुषांचे फोन येत राहतात. आणि माणूस लबाड निघाला तर? समोरून विचारणा येते, ‘पन्नास माणसांची दावत आहे, ॲडव्हान्स कुठे पाठवू?’ तो आपला क्यूआर कोड पाठवतो. गिऱ्हाईक पैसे भरतो, कारण नंबर त्याने आपल्याच साइटवरून घेतलेला असतो. पैसे त्याचे जातात आणि नाव आपले.

प्रेषित मुहंमद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम बाजारात धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले आणि ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. पावसात भिजलेले धान्य वर ठेवायला हवे होते, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला सांगितले. साइटवर राहिलेला जुना नंबर म्हणजे मुद्दाम केलेली फसवणूक नाही, हे खरे. पण वर एक दिसते आणि आत दुसरेच निघते, तेव्हा नुकसान गिऱ्हाइकाचे होते, आणि ते टाळणे आपल्याच हातात असते. कुरआनातली सर्वात लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिलेले नीट, न्यायाने लिहिलेले असावे, हा आग्रह आपल्या दीनमध्ये किती जुना आहे ते यावरून कळते. वहीची जागा आता पडद्याने घेतली आहे, जबाबदारी तीच आहे.

घरातून काम करणाऱ्या भगिनींसाठी

नंबर आणि पत्ता एकदा जोडला की तो प्रत्येक पानावर जातो, ही सोय आहे तशी जोखीमही आहे. म्हणून रजिस्टरमध्ये काय भरायचे नाही, हे आधी ठरवा. घरचा खासगी नंबर भरू नका. व्यवसायासाठी वेगळे सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस ठेवा. घराचा पूर्ण पत्ता साइटवर असलाच पाहिजे असे नाही. ‘खोपोली आणि परिसरात घरपोच’ एवढे पुरते. गूगल प्रोफाइलमध्येही पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. शिवणकाम, मेहंदी, डबे, केक अशी कामे करणाऱ्या बहिणींनी ही सोय जरूर वापरावी. ऑर्डर पक्की झाली की पत्ता त्या गिऱ्हाइकाला वेगळा पाठवता येतो.

चावी कुणाकडे

सगळ्यात मोठी अडचण तांत्रिक नसतेच. साइट ज्याने केली त्या भाच्याच्या ईमेलवर खाते असते. तो दुबईला किंवा कुवेतला नोकरीला जातो, पासवर्ड त्याच्या जुन्या फोनमध्ये राहतो आणि मामूंना स्वतःच्या दुकानाचा नंबर बदलता येत नाही. मुलांनो, साइट करून द्या, शाबासकी घ्या, पण खाते मामूंच्या किंवा आपांच्या ईमेलवर उघडा. दुसरा विश्वासू माणूस सोबत जोडा. गूगल प्रोफाइलमध्ये मालक आणि व्यवस्थापक असे एकापेक्षा जास्त लोक ठेवता येतात, साइट बिल्डरमध्येही सहकारी जोडता येतात. साइटचे नाव, म्हणजे डोमेन, कुणाच्या नावावर आहे आणि त्याचे पैसे कधी भरायचे हेही वहीत लिहा.

आणि एक प्रत कागदावर हवीच. गूगलने २०१७ मध्ये बिझनेस प्रोफाइलमधून फुकट साइट द्यायला सुरुवात केली होती. प्रोफाइलमधली माहिती आपोआप त्या साइटवर येई, म्हणजे जोडणीची ही कल्पनाच त्यांनी आयती दिली होती. छोट्या दुकानदारांनी ते पत्ते व्हिजिटिंग कार्डावर, पिशव्यांवर छापले. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या साइट बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला प्रोफाइलकडे वळवले जात होते, पुढे तेही थांबले. ज्यांची माहिती आणि फोटो दुसरीकडे ठेवलेले होते त्यांनी आठवड्यात नवी साइट उभी केली. ज्यांचे सगळे तिथेच होते त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. कंपनीची सोय वापरावी, पण मूळ नोंद आपल्या घरात असावी.

या महिन्याचे काम

एका शुक्रवारी जुम्यानंतर अर्धा तास काढा. वहीच्या एका पानावर व्यवसायाचे नाव, फोन, पत्ता पिनकोडसह, वेळा, पैसे भरताना दिसणारे नाव आणि परवान्याचा नंबर लिहा. खाली आजची तारीख घाला. मग साइटच्या रजिस्टरमध्ये तेच भरा आणि जिथे जोडता येते तिथे जोडा. शेवटी घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला दुसऱ्याच मोबाईलवरून साइट उघडायला सांगा. प्रत्येक बटण दाबायचे, फोन खरोखर वाजतो का पाहायचे, नकाशावर ‘रस्ता दाखवा’ दाबून तो आपल्याच दारात येतो का बघायचे. चूक सापडली तर ती त्या मुलाकडूनच रजिस्टरमध्ये दुरुस्त करून घ्या. घरातले एक माणूस तयार होईल आणि पुढच्या वेळी भाच्याच्या फोनची वाट पाहावी लागणार नाही.

पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, ऑनलाइन ॲडव्हान्स घेताना पावती कशी द्यावी, ते पाहू. तोवर अल्लाह हाफिज.